एकोणनव्वदावी कडी

रविवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी आत्याच्या मोटारसायकलच्या साखळीच्या कड्या मोजत होते. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, “काय मॅडम, काय चाललंय?”

घटना एवढीच. पुढच्या पाच दिवसांत जे काही झालं, ते या चार शब्दांमुळे झालं असं मी आजही मानते. सेक्रेटरी मानत नाहीत. नवरा दोन्ही बाजूंनी मान हलवतो.

ही साखळी मागचं चाक फिरवते ती नव्हे. ती बाहेर असते आणि साडीचा पदर अडकला की सगळ्यांना तिची ओळख पटते. ही इंजिनाच्या पोटात असते. खाली फिरणाऱ्या दांड्याची चाल ती वरच्या झडपांपर्यंत नेते. पिस्टन कुठे असताना कुठली झडप उघडायची आणि केव्हा मिटायची, हे सगळं वेळापत्रक तिच्या हाती. म्हणून टायमिंग चेन. तिला सैल पडू न देण्यासाठी बाजूने स्प्रिंगने दाबून धरलेली रबरी पट्टी असते, तिला टेन्शनर म्हणतात. साखळी झिजून लांबली आणि टेन्शनरचं रबर संपलं, की इंजिनातून खिशात किल्ल्यांचा जुडगा घेऊन कुणीतरी जिना उतरतंय असा आवाज येऊ लागतो.

हे निदान आत्याचं. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि आमच्याकडेच राहते. आरोग्य खात्यात ती पस्तीस वर्षं नर्स होती, त्यातली एकतीस याच मोटारसायकलवरून फिरली. लोक तिला सिस्टर म्हणायचे आणि गाडीला धाकटी सिस्टर. धाकटीचं वय एक्कावन्न. शनिवारी सकाळी आत्याने गाडी सुरू केली, स्टेथोस्कोप कानाला लावला, इंजिनावर तीन जागी टेकवला आणि म्हणाली, “साखळी गेली. रबर पण गेलंय. शुक्रवारपर्यंत टिकणार नाही ही.”

शुक्रवार महत्त्वाचा होता. परिवहन कार्यालयाचं पत्र फ्रिजवर चुंबकाने लावलेलं होतं: शुक्रवारी सकाळी अकरा वाजता वाहन तपासणीसाठी हजर करावे, इंजिन चालू स्थितीत असावे, वाहनमालक स्वतः उपस्थित असावा, अन्यथा नोंदणी रद्द करण्यात येईल. नोंदणी रद्द म्हणजे गाडी कागदावर भंगार.

“पेन्शनसाठी मी दरवर्षी जाऊन सांगते, की मी जिवंत आहे,” आत्या म्हणाली. “हिचं कोण सांगणार? मीच ना?”

ज्या मेकॅनिककडे ही गाडी वर्षानुवर्षं जायची, त्यांनी गुडघ्यांमुळे खाली बसणं सोडलं होतं. उरलेल्यांनी गाडी पाहून कौतुक केलं, फोटो काढला आणि दोन आठवड्यांनी या म्हणाले. तेव्हा मीच म्हटलं, “आपण करू.” असं म्हणताना छाती अशी धडधडत होती की आत्याने स्टेथोस्कोप इकडेच लावायला हवा होता. मी वर्तमानपत्रात आहे. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्यांतले आकडे तपासते आहे. आमच्या कचेरीत ‘दुरुस्ती’ या शब्दाचा अर्थ एकच: काल छापलेली चूक आज चौथ्या पानावर तळाशी कबूल करणे. पान्हा हातात घेऊन करायची दुरुस्ती आयुष्यात पहिल्यांदाच येत होती.

आता मोजणीकडे. एवढ्या जुन्या गाडीची साखळी तयार मिळत नाही. दुसऱ्या शहरातला एक दुकानदार कड्या मोजून कापून देतो. तर कड्या किती, हे कळायला हवं. आत्याने युक्ती सांगितली. इंजिनाचं वरचं झाकण काढायचं, एका कडीला माझं लाल नेलपॉलिश लावायचं आणि खालून पान्ह्याने इंजिन हळूहळू फिरवायचं. लाल कडी पुन्हा वर येईपर्यंत मोजत राहायचं. आत्या पान्ह्यावर, मी मोजणीवर, नवरा वहीवर.

सगळं सुरेख चाललं होतं. मी खणखणीत आवाजात मोजत होते. “शहाऐंशी, सत्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एकोण...”

“काय मॅडम, काय चाललंय?”

मी मान वर केली. सेक्रेटरी नोटीस बोर्डाकडे बोट दाखवत उभे होते. पार्किंगमध्ये वाहनाची दुरुस्ती, देखभाल, धुलाई करण्यास सक्त मनाई आहे. नोटीस मला पाठ आहे, तिच्यातला ‘सक्त’चा त मीच दुरुस्त करून दिला होता.

“दुरुस्ती नाही हो,” आत्या पान्हा न सोडता म्हणाली. “उपचार चाललेत.”

“नियमात उपचार नाहीत, सिस्टर.”

“मग मनाईही नाही.”

सेक्रेटरींनी यावर विचार केला. नियम चौदाखाली रुग्णासाठी पार्किंगमधली जागा पाच दिवस मागता येते, अर्ज मात्र लेखी हवा, असं त्यांनीच सुचवलं. नवऱ्याने वहीचं पान फाडून अर्ज लिहिला. रुग्णाच्या नावापुढे ‘धाकटी सिस्टर’, वय एक्कावन्न, तक्रार ‘छातीत खुळखुळ’. सेक्रेटरी समाधानाने गेले.

मी पुन्हा साखळीकडे वळले. कुठे होतो आपण? एकोण... कानात अजून ‘ऐंशी’ घुमत होतं. आपल्या भाषेत आकडा असा उलटा सुरू होतो. आधी ‘एक कमी’ सांगायचं आणि कशात कमी ते मागाहून. मी जे उपलब्ध होतं ते जोडलं.

“एकोणऐंशी, ऐंशी, एक्याऐंशी...”

लाल कडी वर आली तेव्हा मी चौऱ्याऐंशीवर होते. तोच आकडा मी दुकानदाराला फोनवर दोनदा सांगितला आणि त्याच्याकडून दोनदा वदवून घेतला. आकडा फोनवर दोनदा वदवून घ्यावा, हा आमच्या कचेरीचा शिरस्ता आहे. आधी तो बरोबर असावा, हे शिरस्त्यात लिहिलेलं नाही.

पार्सल बुधवारी सकाळी सात वाजता आलं. नवी साखळी तेलात न्हाऊन चकचकत होती. सोबत नवा टेन्शनर, त्याचं रबर अजून नखाने दबत होतं. मी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. नवऱ्याने पूर्ण दिवसाची घेतली. त्याच्या कचेरीत कुणी विचारलंही नाही, याचं त्याला जरा वाईट वाटलं.

वरच्या मजल्यावरचे पुलवाले काका घडीची खुर्ची घेऊन खाली आले. ते निवृत्त अभियंते. आयुष्यभर पूल बांधले आणि त्यानंतर जगातली प्रत्येक वस्तू ते पूल म्हणूनच पाहतात.

“भार कुठे येतोय ते बघा,” त्यांनी बसता बसता सल्ला दिला.

“काका, ही मोटारसायकल आहे.”

“भार सगळीकडे असतो, बाई.”

पहिला अपघात सात चाळीसला झाला. झाकणाच्या बोल्टखालचा तांब्याचा वॉशर माझ्या बोटांतून निसटला, कडेवर एकदा टिंग वाजला आणि साखळीच्या भुयारातून खाली इंजिनात गेला. मग नवरा धावत वर गेला आणि फ्रिजवरचं चुंबक घेऊन आला. ते दोरीला बांधून विहिरीत गळ सोडावा तसं त्याने आत सोडलं. पाच मिनिटं सोडलं. पुलवाले काका शांतपणे म्हणाले, “तांबं चुंबकाला लागत नाही.”

“आधी नाही का सांगायचं?”

“तुम्ही विचारलं नाही.”

दरम्यान चुंबकाच्या पाठीला चिकटून आलेलं परिवहन कार्यालयाचं पत्र तेलात पडलं होतं.

आत्या आत गेली आणि आपली जुनी चामडी बॅग घेऊन आली. त्यातून तिने हातभर लांबीचा, कात्रीसारख्या मुठीचा चिमटा काढला, टॉर्च माझ्या हातात दिला आणि डोळा भुयाराला लावला. एक मिनिट वीस सेकंद. वॉशर बाहेर.

“पस्तीस वर्षांत माझ्या देखत कुणाच्या पोटात काही राहिलं नाही,” ती म्हणाली. “आता मी सांगते तसं व्हायचं. भुयाराच्या तोंडात कापडाचे बोळे. आत किती घातले ते मोजायचं, बाहेर किती आले ते मोजायचं. दोघांनी, वेगवेगळं. आकडे जुळल्याशिवाय डॉक्टर टाका घालत नाही आणि आपण झाकण लावत नाही.”

नवऱ्याने आपलं एक जुनं बनियन त्यागभावनेने दिलं. आत्याने कात्रीने त्याचे तुकडे केले. बोळे बसले आणि आम्ही जुनी साखळी तोडली. तिच्या टोकाला नवी तारेने बांधली आणि इंजिन फिरवत फिरवत नवी आत ओढली. ती वरून आत जात होती, खालून वळत होती, पलीकडून वर येत होती. मी इतकी खूश झाले की नवऱ्याच्या पाठीवर तेलकट थाप मारली.

नवी साखळी पलीकडून वर आली आणि थांबली. तिची दोन टोकं समोरासमोर होती. मध्ये चार बोटांचं अंतर होतं.

“ताणली तर?” नवरा म्हणाला.

“हा पूल,” काका खुर्चीतून उठत म्हणाले, “अपुरा आहे.”

जुनी साखळी जमिनीवर पसरली आणि आम्ही तिघांनी ती तीन वेळा मोजली. चौऱ्याण्णव. मी नवऱ्याची वही मागितली. रविवारच्या पानावर तारीख, वार, ‘आकाश निरभ्र’ आणि चौऱ्याऐंशी हा आकडा होता. मधलं काहीच नव्हतं.

“अहो, तुम्ही नोंद ठेवत होतात ना?”

“तू मोजत होतीस. तुझ्या मोजण्यावर मी कसा काय शंका घेणार?”

यात आदर किती आणि सूड किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ती ‘एकोण’ माझ्या ध्यानात आली तेव्हा माझे कान तापले. सव्वीस वर्षांत मी कितीतरी बातमीदारांना असल्या चुकांवरून उभं-आडवं घेतलं होतं. ती सगळी मंडळी त्या क्षणी आमच्या पार्किंगमध्ये रांगेने उभी असल्यासारखं मला वाटलं.

दुकानदाराला फोन लावला. मी म्हटलं, “नऊ आणि चार. नव्वद अधिक चार. शंभराला सहा कमी.”

“म्हणजे चौऱ्याण्णव ना? सरळ सांगा की!” तो म्हणाला. साखळी गुरुवारी सकाळच्या बसने येणार होती, चालकाकडे.

हाताशी एक दिवस उरत होता. तपासणीची तारीख सोमवारवर गेली तर बरं, म्हणून मी साडेदहाला परिवहन कार्यालय गाठलं. खिडकी क्रमांक चार.

“तारीख बदलून मिळेल,” खिडकीतल्या बाई म्हणाल्या. मी त्यांचे हात धरणार होते, पण मध्ये काच होती. “अर्ज भरा आणि सोबत वाहन चालू असल्याचा दाखला जोडा.”

“पण वाहन चालू नाही म्हणून तर तारीख बदलून हवीय.”

“चालू नसेल तर तपासणी कशाची करायची? मग तारीख कशाला हवी?”

“बरं, दाखला कोण देतं?”

“तपासणीत मिळतो.”

मी त्या वाक्याकडे व्यावसायिक आदराने पाहिलं. त्यात काढण्यासारखा एकही शब्द नव्हता.

गुरुवारी बस पावणेबाराला आली. चौऱ्याण्णव कड्या मी थांब्यावरच मोजल्या, चालकाकडूनही मोजून घेतल्या, तेव्हाच त्याला जाऊ दिलं. प्रवासी खिडकीतून पाहत होते. एकाने टाळ्या वाजवल्या.

त्या दुपारसारखी दुपार मी आयुष्यात पाहिलेली नाही. साखळी आत सरकली, फिरली, वर आली आणि तिची दोन टोकं एकमेकांना अशी भेटली की आत्याने नाकावरून चष्मा काढून पुसला. खालच्या चाकावरची खूण रेषेवर, वरच्या चाकावरची खूण रेषेवर. आत्याने दोन्ही पाहिल्या, मी पाहिल्या, पुन्हा आत्याने पाहिल्या. मग प्रश्न आला जोडकडीचा. तिची टोकं ठोकून फुलवावी लागतात, रिव्हेट करावी लागतात. मागे जड लोखंड धरायचं आणि पुढून बेताने हातोडी मारायची. जोर कमी पडला तर कडी सुटणार, जास्त झाला तर आवळून बसणार.

“सरका,” पुलवाले काका म्हणाले.

आम्ही सरकलो. काकांनी बाह्या सारल्या. “बेचाळीस पूल,” ते म्हणाले, “आणि एकाचाही रिव्हेट अजून हललेला नाही.” त्यांनी अकरा ठोके मारले, प्रत्येक ठोक्यानंतर मान तिरकी करून पाहिलं. कडी फुलली, फिरली, कुठे अडली नाही. गेली कित्येक वर्षं मी त्यांच्या सल्ल्यांना जिन्यातच वळसा घालत आले होते. मी त्यांना वाकून नमस्कार करायच्या बेतात होते, पण ते परत खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, “भार नीट आला पाहिजे, एवढंच.”

नवा टेन्शनर बसला. स्प्रिंग सुटली तेव्हा आतून ‘टक्’ असा आवाज आला आणि साखळी ताठ उभी राहिली. संध्याकाळचे पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. बोळे काढले, ते ट्रेमध्ये ठेवले. झाकण हातात घेतलं.

“मोजणी,” आत्या म्हणाली.

ट्रेमध्ये सहा बोळे होते.

“आत किती गेले?”

“सात,” मी म्हणाले.

“सहा,” नवरा म्हणाला. त्याने वही पुढे केली. पानावर तारीख, वार, ‘अंशतः ढगाळ’ आणि खाली सहा रेघा.

आता माझी अवस्था ध्यानात घ्या. मी सात घातले होते. मी ते तोंडाने आणि बोटांनी मोजले होते, मध्ये कुणी काय चाललंय असं विचारलंही नव्हतं. पण ‘सात’वर ठाम राहायचं तर झाकण लावता येत नव्हतं, आणि उद्या अकरा वाजता गाडी भंगार. ‘सहा’ म्हणायचं तर एका आठवड्यात दोन वेळा मला मोजता येत नाही हे सिद्ध, तेही नवऱ्याच्या वहीतून. शिवाय ते खोटं ठरलं असतं. आत्या माझ्याकडे पाहत होती. साडेतीन वर्षांची असताना मी किती गोळ्या गिळल्या, हे तिने असंच विचारलं होतं.

“सात,” मी म्हणाले.

“मग झाकण लागत नाही,” आत्या म्हणाली. आवाजात राग नव्हता. पत्राची तारीख तिलाही ठाऊक होती.

तेव्हा नवऱ्याला कल्पना सुचली, आणि ती चांगली होती हे मला मान्य करावं लागेल. बोळे उलगडायचे आणि बनियन जुळवायचं. सातवा तुकडा असेल तर तिथे भोक पडेल. आम्ही चौघं फरशीवर बसलो. गळा जुळला, डावी बाही जुळली, पोट जुळलं, कंपनीची पट्टी जुळली. उजव्या खांद्यावर तळहाताएवढी जागा रिकामी राहिली.

“हा बघा सातवा!” मी ओरडलेच.

“छे,” नवरा म्हणाला. “ते भोक आधीपासून होतं. म्हणून तर बनियन दिलं.”

“एवढं भोक?”

“तू कधी पाहिलंस माझ्या बनियनकडे?”

पुलवाले काका छताकडे पाहू लागले.

आत्याने बाजू घेतली नाही. तिने तेल काढायला लावलं, ते घरच्या चाळणीतून गाळायला लावलं. चाळणीत एक लाल ठिपका निघाला, नेलपॉलिशचा. मग चिमटा घेऊन भुयाराचा कोपरा न् कोपरा चाचपला, इंजिन हाताने एक एक अंश फिरवत कान लावला. आठ वाजले.

“माझ्या हाताला काही लागलं नाही,” ती शेवटी म्हणाली. “पण आत काही नाही, असं मी लिहून देणार नाही.” आणि मग, चिमटा पुसता पुसता: “लाव झाकण. उद्या मी स्वतः किक मारीन. काही झालं तर माझ्या पायाखाली होऊ दे.”

शुक्रवारी अकरा वाजून चार मिनिटांनी आमचा क्रमांक पुकारला गेला. गाडी आम्ही टेम्पोतून आणली होती. इंजिन तोवर एकदाही सुरू केलेलं नव्हतं. तपासनीस तेलकट पत्र दोन बोटांत धरून म्हणाले, “चालू करून दाखवा.”

आत्याने पदर खोचला. पहिली किक, काही नाही. दुसरी, एक उचकी. माझी नखं नवऱ्याच्या दंडात रुतली होती. तिसरी किक.

धाकटी सिस्टर बोलू लागली. किल्ल्या नाहीत, जिना नाही, खुळखुळ नाही. नुसती एकसारखी, दमदार, लयीत चाललेली धडधड. रांगेतली माणसं वळून पाहू लागली. आत्या हँडल धरून ताठ उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर एक्कावन्न वर्षांपूर्वीचं काहीतरी होतं. मी रडले. नवऱ्याचं म्हणणं, त्याच्या दंडामुळे तोही रडला.

तपासनीस इंजिनापाशी वाकले. “आवाज येत नाहीये कसलाच,” ते संशयाने म्हणाले. एवढ्या जुन्या गाडीला आवाज हवा, असं त्यांचं मत दिसलं. बराच वेळ ऐकून त्यांनी रकान्यात लिहिलं: सामान्य. मग संगणकावर गाडीचं वर्ष भरायला गेले. यादीत ते वर्षच नव्हतं. यादी त्यानंतर सहा वर्षांनी सुरू होत होती.

“म्हणजे ही गाडी...”

“संगणकाच्या मते अजून झालेली नाही,” ते म्हणाले. “प्रकरण वर पाठवतो. निर्णय टपालाने कळेल. तोवर ही पावती जवळ ठेवा, चालवायला हरकत नाही.”

याला आज सतरा दिवस झाले. टपाल आलेलं नाही. सेक्रेटरींनी रुग्ण बरा झाल्याचा अर्ज मागितला आहे. सहा बोळे धुऊन, वाळवून आत्याच्या बॅगेत ठेवले आहेत. आत्या रोज सकाळी सोसायटीला दोन फेऱ्या मारते, मग इंजिन चालू ठेवून स्टेथोस्कोप लावते.

आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तिने तो नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. मग न बोलता माझ्या कानात घातला. मी नीट ऐकलं. मला फक्त इंजिन ऐकू आलं. मी तो नवऱ्याकडे दिला. सहावर ठाम असलेल्या माझ्या नवऱ्याने डोळे मिटले, श्वास रोखला, आणि हळूच म्हणाला, “अगं... बनियन.”